मामा जेवायला आला तो सोमवार

आधीच सांगून ठेवते — भूत, आत्मा, संचार यातलं मी काहीही मानत नाही. नांदेडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. माणसाच्या आत काय काय असतं ते रोज काचपट्टीवर बघते, आत्मा अजून तरी दिसलेला नाही. सासरी, उमरीला, माझ्या जाऊबाईंच्या अंगात यायचं, तेव्हा मी त्यांचा रिपोर्ट काढून हिमोग्लोबिन किती कमी आहे ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. या पेजवरचे अनुभवही मी आजवर दुपारच्या डब्यासोबत हसायला वाचत आले. आज स्वतः लिहायला बसलेय, म्हणजे बघा.

नावं बदलली आहेत. माझ्या मामानं ती नीट बदलली असती तर आज हे लिहायची वेळच आली नसती.

मामा म्हणजे... तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात त्याचं पुस्तक असेल. मोठा कादंबरीकार. सत्कार, संमेलनं, परिसंवाद, सगळं झालं त्याचं. आपण त्याला मन्मथ म्हणू. मामाला अहो-जाहो करायची आमच्याकडे पद्धत आहे, मी मुद्दाम करत नाही.

आम्ही निलंग्याचे, लिंगायत. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत पुढं किराणा दुकान आणि मागं घर. माझे वडील गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते. नंतर काही महिन्यांनी माझा जन्म झाला. आई महानंदा, मामाची थोरली बहीण, म्हणून तो तिला अक्का म्हणायचा. आजी आजारी असायची, त्यामुळं आईनंच त्याला कडेवर वाढवलेला. तो शिकायला बाहेर पडला, तेव्हा त्याच्या डब्यातल्या शेंगाचटणीपासून अंगातल्या स्वेटरपर्यंत सगळं आईच्या हातचं होतं.

मग त्यानं ती कादंबरी लिहिली. तिच्यात एक तरुण विधवा आहे, नंदा. बसस्टँडमागं किराणा दुकान आहे. एका ट्रक ड्रायव्हरशी तिचं सूत जुळतं, दिवस जातात, आणि झालेलं मूल ती पहाटे विहिरीत टाकून देते.

ते मूल म्हणजे मी. कादंबरीत मी तीन पानं रडते, मग बुडते. समीक्षक म्हणतात, ती मराठीतली अजरामर पानं आहेत.

कॉलेजला तो उतारा आम्हाला सेकंड लँग्वेजच्या पुस्तकात होता. 'विहिरीच्या प्रसंगाचे रसग्रहण करा.' मी केलं. मार्क चांगले पडले.

तिकडं निलंग्यात लोक काय करायचे सांगू? दुकानात येऊन मुद्दाम म्हणायचे, "नंदाबाई, पावशेर गूळ द्या." आई गूळ तोलून द्यायची. एकदा लातूरहून साहित्याचे विद्यार्थी आले, ती विहीर कुठं आहे विचारत. आमच्याकडं विहीर नव्हतीच कधी, हापसा होता. त्यांनी हापशाचे फोटो काढले. माझं लग्न ठरताना तर तीन ठिकाणांहून नकार आले, आणि चौथे उमरीचे हो म्हणाले कारण त्यांच्या घरात कुणी वाचत नव्हतं.

आईनं मामाकडं कधी काही मागितलं नाही. एकच मागणं होतं तिचं. "चार मान्सात एकदा म्हन, की ही माझ्या बहिणीची गोष्ट न्हाई. माझ्या अक्कानं असलं काही केलं न्हाई. इतकंच म्हन." यावर मामाचं ठरलेलं उत्तर — "अक्का, कादंबरी काल्पनिक असती. जे मी म्हनलोच न्हाई ते नाकारू कसं?" आणि मुलाखतीत हाच माणूस सांगणार, "माझी सगळी पात्रं मी जवळून पाहिलेली आहेत, ती माझ्या रक्तातली आहेत." टाळ्या.

आता एक गोष्ट ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात लहानपणीच गळ्यात इष्टलिंग बांधतात. चांदीच्या छोट्या डबीत, तिला करडगी म्हणतात. ते ज्याचं त्याचं असतं, जन्मभराचं. रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि पूजा झाल्याशिवाय जेवायचं नाही. माणूस गेला की जाळत नाहीत, बसवून पुरतात, आणि ते लिंग त्याच्या डाव्या हातात देतात. मामानं नाव व्हायला लागल्यावर भाषणात जाहीर केलं की मी हे जोखड काढून टाकलंय. काढून टाकलं ते नदीत वगैरे नाही... आमच्या देवघरात आणून ठेवलं होतं, गुपचूप. त्यानंतर आई रोज दोन पूजा करायची, आधी स्वतःची आणि मग त्याची. मी चिडले की म्हणायची, "भांडन त्याच्याशी हाय. देवानं काय केलंय?" गेल्याच्या आधीच्या दिवाळीत त्याच्या करडगीची कडी तुटली, ती मीच तांब्याच्या तारेनं बांधून दिली. पक्कड घसरली आणि डबीवर एक ओरखडाही उठला. हे एवढ्यासाठी सांगतेय की ती डबी मी हजारात ओळखेन.

तर, मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. मामाचा लातूरला सत्कार ठरला होता. त्याच्या दोन दिवस आधी आईला त्याचा फोन आला. कित्येक वर्षांनी. "अक्का, सोमवारी येऊन राहिलो तुझ्याकडं. जेवायला. बोलायचं हाय."

आईनं मला नांदेडहून बोलावून घेतलं. मी म्हटलं, "आता काय नवीन लिहायचंय त्याला?" तर म्हणाली, "गप. तो म्हनला बोलायचं हाय. सत्काराला चार मानसं असत्यात. तितं बोलायच्या आधी मला सांगायला येऊन राहिला." इतकी खुशीत मी तिला माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. गहू कांडून हुग्गी केली, म्हणजे गव्हाची खीर. ती मामाला लहानपणापासून आवडायची. मी मनात म्हटलं, येऊ दे, खाऊ दे, एकदाचं बोलू दे आणि जाऊ दे.

सोमवारी सकाळी दाट धुकं होतं. आईनं दोन्ही पूजा केल्या, मी शेजारी फुलं निवडत होते. करडगी तिनं पुसून परत कापडात ठेवली. तार दिसत होती.

दुपारी, म्हणजे जेवणाची वेळ झाली होती, मी चुलीशी होते. मधल्या खोलीतून आवाज आला, "आलो अक्का." आवाज मामाचाच. टीव्हीवर, यूट्यूबवर इतकी भाषणं ऐकलीत मी त्याची. मी बाहेर गेले नाही. पाया पडायला लागलं असतं. स्वयंपाकघराच्या दारातून मला तो दिसत होता, भिंतीला टेकून सतरंजीवर बसलेला. पांढरा कुर्ता, अगदी इस्त्रीचा. चष्मा नव्हता, ते मला नंतर आठवलं.

"वास लई भारी येऊन राहिला," तो म्हणाला. "हुग्गी केलीस?"

"केली की. पाणी घे."

त्यानं तांब्याला हात लावला नाही. आईनं ताट मांडलं. मग तो जे बोलला त्यानं माझ्या हातातला डावच थांबला.

"पूजा झाल्याबिगर कसा जेवू, अक्का? माझं लिंग दे."

ज्यानं जन्मभर या गोष्टीची टिंगल केली तो माणूस हे म्हणत होता. आई म्हणाली, "तू बोलायचं हाय म्हनला होतास, मन्मथ."

"हाव. जेवून बोलतो."

आता आमच्यात, ताटावर बसलेल्या माणसानं आपलं लिंग मागितलं तर ते नाही म्हणता येत नाही. वैऱ्यालाही नाही. आई देवघरात गेली, कापड सोडलं, करडगी आणून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवली. मी बघितलं. त्यानं मूठ मिटली. आई हुग्गीचं पातेलं घ्यायला आत आली, मी तिच्या हातात तूप दिलं. आम्ही दोघी बाहेर आलो.

सतरंजी रिकामी. ताट तसंच, तांब्या तसाच.

आमच्या घरातून बाहेर जायला दुकानातूनच वाट आहे. गल्ल्यावर शिवाप्पाकाका होते, माझे चुलतकाका, दुकान तेच बघतात. मी पळत गेले, "मामा कुठं गेला?"

"कोन मामा? मी सकाळपसून हितंच बसून राहिलो की. कोन आला न्हाई, कोन गेला न्हाई."

मी बाहेर रस्त्यावर बघितलं. गाडी नाही, ड्रायव्हर नाही, काही नाही. परत आले तर आई पातेलं धरून तशीच उभी. म्हणाली, "हाताला बघितलंस का त्याच्या? गार होता गं लई. दगडावानी." मग खाली बसली. "बोलला न्हाईच की."

ताटावर झाकण घालेपर्यंत फोन वाजला. लातूरचे एक प्राध्यापक, सत्कार समितीतले. रडत होते. सकाळी धुक्यात रेणापूरच्या अलीकडं मामाची गाडी उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मागून जाऊन आदळली. ड्रायव्हर वाचला. सर जागच्या जागी गेले. तुमचा नंबर कुणाकडं नव्हता, शोधायला दुपार झाली, माफ करा...

मी विचारलं, "सकाळी म्हणजे कधी?"

"अहो, सकाळीच. मी नऊच्या आत दवाखान्यात पोचलोय. तेव्हापासून इथंच आहे, त्यांच्याजवळ."

मी आईला सांगितलं. ती रडली नाही. देवघरात जाऊन कापड उलगडून बघितलं, झटकलं, खालचा पाट उचलला. करडगी नव्हती.

इथपर्यंत मी माझी समजूत घातली होती, बरं का. दोघी सकाळपासून उपाशी, आई तर सोमवार करणारी, वाट बघून बघून भास झाला. दोघींना एकदम कसा झाला हे मला सांगता येत नव्हतं, पण घातली समजूत. करडगी धांदलीत आईनंच कुठं तरी ठेवली असेल.

संध्याकाळी मामाला निलंग्याला आणलं. त्याचा मुलगा अमोल पुण्याहून आला होता. खरं तर वडिलांना तिकडंच नेऊन विद्युतदाहिनीत द्यायचं त्याच्या मनात होतं, पण प्राध्यापकांनी त्याला बाजूला घेऊन काही तरी दाखवलं होतं. ते त्यांनी आमच्यासमोरही रुमालातून काढलं. "सरांच्या डाव्या मुठीत होतं. मूठ उघडेना, डॉक्टरांना प्रयत्न करावा लागला. मी स्वतः तिथं उभा होतो, सकाळी. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं हो... सर आयुष्यभर हे जवळ बाळगत होते!"

चांदीची करडगी. कडीला तांब्याची तार. डबीवर माझ्या पक्कडीचा ओरखडा.

मी हातात घेऊन बघितली, दोनदा बघितली. सकाळी नऊच्या आत दवाखान्यात मुठीतून काढलेली वस्तू दुपारी आमच्या देवघरात होती, आणि दुपारी देवघरातून दिलेली वस्तू सकाळीच रेणापूरला पोचली होती. माझ्या लॅबमध्ये असा रिपोर्ट आला असता तर मी सॅम्पलची अदलाबदल झालीय म्हणून फेकून दिला असता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं माझा हात दाबला. "काही बोलू नको. कोन ऐकनार हाय तुझं?"

दुसऱ्या दिवशी रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या दफनभूमीत नेलं. सगळा महाराष्ट्र लोटला होता म्हणतात तसं. खादीचे झब्बे, शबनम पिशव्या, मोबाईल वर धरलेले. मामाला बसवून आणला होता, कपाळाला विभूती, गळ्यात हार. खड्ड्यात उतरवून बसवला. अमोलला लिंगदीक्षाच नव्हती, मामानं होऊ दिली नव्हती, त्यामुळं विधी सांगणारे स्वामी म्हणाले, लिंग थोरल्या बहिणीनं हातात द्यावं.

आईला धरून खाली उतरवलं. मी काठावर, अगदी जवळ होते. तिनं करडगी घेतली आणि मुठीत धरून नुसती उभी राहिली. स्वामींचा मंत्र संपला तरी उभीच. लोकांना वाटलं, दुःखानं. मला तिचे ओठ दिसत होते. ती त्याच्या कानाशी वाकून म्हणत होती, "बोल. आता तरी बोल. काल जेवायच्या आदी दिलं, तितंच चुकले मी. आज बोलल्याबिगर देनार न्हाई."

खरं सांगते, त्या क्षणी मी सुद्धा वाट बघितली. जो मेल्यावर निलंग्याला येऊन हुग्गीचा वास घेऊ शकतो त्याला एक वाक्य काय जड होतं? मी, रोज मायक्रोस्कोपला डोळा लावणारी बाई, एका प्रेताच्या तोंडाकडं बघत उभी होते, की ते आता हलेल.

नाही हललं.

"अक्का, वेळ होऊन राहिला," स्वामी हळूच म्हणाले.

आईनं त्याचा हात उघडला, करडगी ठेवली आणि बोटं एकेक करून मिटवली. वर आली, तेव्हा मी चिडून विचारलं, "दिलीस कशाला?" तर म्हणाली, "रिकाम्या हातानं कसा धाडू? मीच बांधलं होतं गळ्यात त्याच्या, एवढासा होता." आणि तेव्हा मात्र रडली. किती रडली.

पुढं जे झालं त्यासाठी हे सगळं लिहितेय.

मामाच्या मुठीतल्या लिंगावर लेख आले. बंडखोराची गुप्त श्रद्धा. नास्तिकाचं आस्तिक हृदय. येऊ दे, मला काही घेणं नाही. पण एका मोठ्या दिवाळी अंकात श्रद्धांजलीचा खास विभाग होता, त्यात आईचा फोटो छापला. खड्ड्यात उभी, त्याच्या कानाशी वाकलेली. खाली ओळ — 'अखेर नंदानं आपल्या भावाला क्षमा केली.'

नंदानं.

मी ते आईला वाचून दाखवलं. तिनं चष्मा लावून फोटो नीट बघितला. म्हणाली, "भाऊ गेला तरी ह्येंचं लिहिनं संपना का?" मग म्हणाली, "मी माफ न्हाई केलं. त्येंला कळीव."

मी फोन केला. एक तरुण मुलगी होती, गोड बोलली. म्हणाली, मॅडम, फार सुंदर प्रतिक्रिया मिळताहेत त्या फोटोला. तुम्ही खरंच त्या नंदाच्या कोण? मी म्हटलं, मुलगी. ती म्हणाली, "पण मुलगी तर..." आणि लगेच विषय बदलला. दुरुस्ती छापतो म्हणाली. छापली नाही. परत फोन केला तर संपादक मीटिंगमध्ये होते. अमोलला सांगितलं तर तो म्हणाला, ताई, आता जाऊ दे ना, किती छान शेवट झालाय.

इथं कमेंट्समध्ये तुम्ही विचाराल, एक करडगी दोन ठिकाणी कशी? माहीत नाही. दोन करडग्या असतील? मग आमच्या देवघरातली कुठं गेली, आणि तार? माहीत नाही. शिवाप्पाकाकांना तो दिसला नाही आणि आम्हा दोघींना का दिसला? माहीत नाही. जेवून बोलतो म्हणाला ते खरंच बोलणार होता, की नेहमीसारखं पुढं ढकलत होता? याचं उत्तर मला सगळ्यात जास्त हवं आहे आणि तेच मिळणार नाही. मला कारण सापडलेलं नाही, आणि कुणी मंत्रतंत्रवाल्यानं मेसेज करू नये, ब्लॉक करीन.

एवढंच पोचवा, शेअर करा, ज्यांच्या घरात ते पुस्तक आहे त्यांना मुद्दाम पाठवा. माझ्या आईचं नाव महानंदा. हे एकच नाव या लिखाणात खरं आहे, तिला विचारून घातलंय. तिनं कादंबरीतलं काहीही केलेलं नाही. आणि तिनं माफही केलेलं नाही.